उसन्या यंत्रातला आवाज

आमच्या वडिलांना हळू बोलता येत नसे. सगळी नोकरी त्यांनी फॅक्टरीत लेथ मशिनीवर काढली, आणि त्या खात्यात हळू बोलून कोणाचं काही चालत नसे. घरी आल्यावरही आवाज तोच. जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणातल्या खुर्चीवरून ते "चहा!" अशी हाक मारत, तेव्हा समोरच्या घरातल्या दीदीसुद्धा गॅस पेटवायला उठत असतील. आई मात्र भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "काय म्हणून राहिले?" तिला पहिल्यांदाच ऐकू जायचं. पण पहिल्या हाकेला उठायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम होता. बाबा पुन्हा ओरडत, आई पुन्हा विचारी, आणि असं दोन-तीनदा झालं की मग चहा येई. गल्लीला त्याची इतकी सवय होती की बाबा गावाला गेले की लोक विचारत, "भैया दिखाई नहीं दे रहे?" खरं म्हणजे त्यांना म्हणायचं असे, ऐकू येत नाहीत.

बाबा रिटायर झाले आणि लगेचच त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी तेव्हा पुण्याला प्रोग्रामरची नोकरी करत होते. ती सोडून घरी आले आणि येताना माझा नोटबुक संगणक घेऊन आले. तो ज्या कंपनीचा होता, त्या कंपनीचा दुसरा संगणक जबलपूरच्या बाजारात मी पाहिला नाही. दुकानदार तो उलटसुलट करून बघत आणि आदराने परत देत. "दीदी, इसको हम नहीं खोलेंगे."

ऑपरेशनच्या आधी मला एवढंच सुचलं की बाबांचा आवाज शब्दाशब्दाने भरून ठेवावा. तेव्हा मराठी वाचून बोलणारा प्रोग्राम कुठे मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी तो बाबांच्या आवाजात थोडाच बोलणार होता? मी माइक लावला, वाक्यं लिहून काढली आणि बाबांना समोर बसवलं. पहिलं त्यांनी न सांगताच भरलं, "जय भीम." ते उत्तम झालं. पुढचं मी लिहिलं होतं, 'मला वेदना होत आहेत.'

"असं कोण बोलते?" बाबा म्हणाले. "दुखून राहिलं, असं लिही."

मग त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि स्वतःच्या मनाने सुरुवात केली. दार लाव, माश्या येऊन राहिल्या. पंखा काहून बंद केला? भाजीत मीठ नाही. कोण आलं? अच्छा, चलो. शाब्बास. आपला माणूस ऑपरेशनला निघालाय आणि कामाचं एक वाक्य म्हणत नाही म्हणून मी चिडले होते. "बाबा, औषध, डॉक्टर, दवाखाना, हे म्हणा ना." तर म्हणाले, "ते तर मी बोट दाखवून सांगन. रागवायचं कसं बोट दाखवून?"

चहा मात्र त्यांनी मन लावून भरला. एक भरून झाल्यावर मी पुढे जायला निघाले, तर मला थांबवलं. "एक चहा कसा पुरन? सकाळचा वेगळा राहते, पाहुणे आल्यावरचा वेगळा." सकाळचा मऊ आवाजात भरला. पाहुण्यांचा अदबीचा भरला. शेवटी अंगणातला भरायला घेतला आणि छाती भरून ओरडले, "चहा!" स्वयंपाकघरातून लगेच आलं, "काय म्हणून राहिले?"

तेही रेकॉर्ड झालं. मी म्हटलं, आईचा तुकडा कापून टाकते. बाबांनी मान हलवली. "राहू दे."

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले ते गळ्याला पांढरी पट्टी बांधून आणि खिशात पाटीचा तुकडा घेऊन. मी तोवर प्रोग्राम लिहून ठेवला होता. मोठ्या बटणांची एक पट्टी संगणकाला जोडायची, बटण दाबलं की बाबांचा तो तो शब्द वाजायचा. बटणांवर चित्रं बाबांनीच चिकटवली, फॅक्टरीतल्या माणसाच्या हाताने, एकही कोपरा वाकडा नाही. आम्ही त्याला बोलकी पाटी म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी माश्यांचं बटण दाबलं आणि आईने सवयीने जाऊन दार लावलं. दार लावून ती तिथेच पाठ करून उभी राहिली. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

पुढे ऐकून ऐकून नागपूर-अमरावतीकडच्या काही घरांनी बोलकी पाटी मागवली. त्यांच्या त्यांच्या माणसांचे आवाज त्यांनी भरले. मी घरबसल्या तेच काम करू लागले. बाबा रविवारी नोटबुक काखेत मारून विहारात जात आणि वंदना झाल्यावर सगळ्यांशी गप्पा मारत. लोक तोंडाने बोलत, हे बटणं दाबून बोलत, पण मधेच तोडायची सवय त्यांची होती तशीच राहिली.

असं सुरळीत चालू असताना कंपनीने जाहीर केलं की आमच्या सगळ्या संगणकांतला प्रोसेसर आता बदलणार. जुन्या जातीचा बंद, नव्या जातीचा सुरू. माझ्यासारख्यांना याचा अर्थ असा की आपला प्रोग्राम नव्याने घडवा. कंपनीने एक दुभाष्या दिला होता, तो जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर कसेबसे चालवत असे. पण माझा प्रोग्राम बाबांच्या बटणपट्टीशी थेट बोलायचा, आणि त्या थेट बोलण्यात दुभाष्याला प्रवेश नव्हता.

इकडे नोटबुक थकला होता. त्याची बिजागरी सैल झाली होती, पडद्यावर मधूनच रेघा येत, आणि उन्हाळ्यात तो इतका तापायचा की आई म्हणे, यावर पापड भाजून घेते. तो बंद पडला तर दुरुस्ती नाही, आणि नवा घ्यायचा तर नव्या प्रोसेसरचा. त्यावर बोलकी पाटी चालली नाही तर बाबांच्या हाती पुन्हा तो पाटीचा तुकडा. आवाज सीडीच्या चकत्यांवर जपून ठेवलेला होता, पण जपून ठेवलेला आवाज काय कामाचा? मला तो घरात फिरताना हवा होता.

कंपनीने नव्या प्रोसेसरची नमुन्याची यंत्रं बनवली होती. ती बाजारात यायची नव्हती, फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांना काही महिने वापरायला द्यायची होती. मी अर्ज केला. जबलपूरहून आलेला अर्ज कोण बघतो, अशा हिशेबानेच केला. पण मंजूर झाला, आणि एका दुपारी टेम्पोतून भलंमोठं खोकं उतरलं. आत एक चांदीच्या रंगाची उभी पेटी होती. सोबत अटी होत्या. यंत्र कोणाला दाखवायचं नाही, त्याच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, उघडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि सांगू तेव्हा परत करायचं.

मी अटी आईला वाचून दाखवल्या. तिने शांतपणे ऐकून घेतल्या आणि विचारलं, "म्हणजे उसनं आहे."

"हो, उसनंच."

"मंग जपून ठेवा लागन," असं म्हणून तिने मिक्सरवरचं भरतकाम केलेलं कव्हर काढलं, उसवलं, जोड लावून वाढवलं आणि यंत्राला घातलं.

चेरीतालमध्ये एखादी गोष्ट कोणाला दाखवायची नाही म्हणजे ती सगळ्यांनी येऊन बघायची. समोरच्या दीदी दुसऱ्याच दिवशी वाटीभर दही मागायला आल्या आणि दही घेऊनही बसून राहिल्या. शेवटी कव्हरकडे बघून म्हणाल्या, "इन्वर्टर लिया है क्या?"

आईला खोटं बोलता येत नाही, पण खरंही सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "पराई अमानत है, दीदी."

दीदींनी गल्लीत सांगितलं, कोणाचा तरी इन्वर्टर ह्यांच्याकडे ठेवायला दिलाय. त्या वर्षी लाईट फार जायची. लाईट गेली की आम्ही मेणबत्ती लावून बसलेले दिसत असू, आणि येणारेजाणारे खिडकीतून कळवळून सांगत, "अरे, चला लो ना! किसको पता चलेगा?" लोकांच्या मते आमच्याइतकं प्रामाणिक कुटुंब चेरीतालमध्ये दुसरं नव्हतं.

प्रोग्राम नव्या यंत्रावर उभा करायला काही आठवडे गेले. ज्या दिवशी तो सुरू झाला, त्या दिवशी मी बाबांना बोलावलं. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाबांनी शर्टाची बटणं नीट केली, जणू फोटो काढायचाय, आणि 'जय भीम' दाबलं.

खर्रर्र असा आवाज आला. पत्र्यावर रेती ओतावी तसा. दुसरं बटण दाबलं, तेच. एकामागून एक बटणं दाबली. कुठेही बाबा नव्हते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांचे सगळे चेहरे पाहिले होते, ऑपरेशनच्या खोलीत जातानाचासुद्धा, पण असा भ्यालेला चेहरा पाहिला नव्हता. मग त्यांनीच पाटी काढली आणि लिहिलं, "लेथमध्ये ऑइल टाक." आई हसली. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आवाज म्हणजे यंत्राच्या दृष्टीने आकड्यांची लांबच लांब रांग. आपण एकवीस लिहितो तेव्हा दोन आधी काढतो आणि एक नंतर, पण तोंडाने म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर. जुना प्रोसेसर आकडे लिहिल्यासारखे वाचायचा, नवा म्हटल्यासारखे. म्हणजे एकवीसचे झाले बारा, आणि बाबांच्या आवाजातल्या प्रत्येक आकड्याची अशीच उलथापालथ झाली होती. बाबा होते तिथेच होते, फक्त उलटे वाचले जात होते. हे समजलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग सुलटे वाच."

मी सुलटे वाचायला लावले, आणि उत्साहाच्या भरात जिथे गरज नव्हती तिथेही सुलटवून टाकले. त्यामुळे आवाज लख्ख आले, पण बटणांचे नंबर आपसात गुंतले. हे कळायच्या आत जबलपूरजवळच्या पाटणहून काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तिथल्या मंडीत कामाला. काही दिवस बाबांनी मोठ्या भावाच्या रुबाबात त्यांच्याशी अबोला धरला होता, तो मोडायला ते आले होते. दारातूनच वाकून म्हणाले, "जय भीम, दादा."

बाबांनी हसून पहिलं बटण दाबलं. यंत्रातून बाबांचा दणदणीत आवाज आला, "दार लाव, माश्या येऊन राहिल्या!"

काका जागीच थांबले. बाबांनी घाईघाईने 'बसा' दाबलं, तर आलं, "अच्छा, चलो." काका चपला शोधू लागले. बाबा उठून त्यांचा हात धरू पाहताहेत, दुसऱ्या हाताने बटणं दाबताहेत, आणि प्रत्येक बटण काकांचा काहीतरी नवा अपमान करतंय. आई पदर तोंडात धरून भिंतीला टेकली होती. शेवटी बाबांनी यंत्राचा नाद सोडला आणि भावाला सरळ मिठी मारली. अबोला मोडला तो असा. मी नंतर काकांना उसन्या यंत्राचं सगळं समजावून सांगितलं, पण ते पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे आले की आधी दार लावून घेत.

नंबर सोडवले आणि एका सकाळी सगळं जागेवर आलं. बाबांनी एक एक बटण दाबून पाहिलं, फॅक्टरीत माल तपासतात तसं, फक्त शेवटच्या ओळीतलं एक सोडलं, आणि मग माझ्याकडे बघून 'शाब्बास' दाबलं. ती शाबासकी त्यांनी ऑपरेशनच्या आधी भरली होती, कोणासाठी ते ठाऊक नव्हतं. मला मिळाली. आयुष्यात मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत, ती कुठे ठेवली आहेत ते आठवत नाही.

बरं झालं की वेळेवर झालं, कारण त्यानंतर लवकरच नोटबुकने मान टाकली. पडदा काळा झाला तो झालाच. आता बाबांचा आवाज फक्त त्या उसन्या पेटीत होता. 'दुसऱ्याला वापरायला देऊ नये' या अटीचा मी असा अर्थ लावला की बाबा हे माझे तपासनीस आहेत, ते दिवसभर प्रोग्राम तपासतात. तपासनीस सकाळपासून भाजीतलं मीठ तपासायचे. पेटी जड, हलवायची सोय नाही, म्हणून विहारातली मंडळीच रविवारी आमच्याकडे येऊ लागली. कव्हरातून बोलणारा इन्वर्टर बघून ती मंडळी काय समजली कोणास ठाऊक. कोणी विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता.

फक्त लाईट गेली की बाबा मधेच तुटत. नोटबुकला बॅटरी होती, या पेटीला नव्हती. एकदा आईशी जोरात भांडण चाललं होतं आणि "तुला कितीदा" एवढ्यावर लाईट गेली. आईने संधी साधून आपली बाजू सविस्तर मांडली. लाईट आल्यावर बाबांनी पुन्हा बोलायला घेतलं, तर ती म्हणाली, "तो विषय झाला."

थंडीचे दिवस आले. काकांनी पाटणहून मटाराचं पोतं पाठवलं होतं, आणि आम्ही तिघं शेंगा सोलत बसलो असताना कंपनीचा मेल आला. नवे संगणक ठरल्यापेक्षा आधीच बाजारात येत होते, तेव्हा नमुन्याची यंत्रं परत पाठवा. परत आलेलं यंत्र तपासून, ते अटींप्रमाणे असेल तर बदल्यात एक नवा कोरा संगणक मिळेल. मी तो भाग दोनदा वाचला. नव्या प्रोसेसरचा संगणक, आपल्या घरी, परत न द्यायचा!

"म्हणजे मधले काही दिवस बाबांना आवाज नाही," मी म्हटलं, "पण मग कायमचा. फक्त सगळं अटीबरहुकूम व्हायला पाहिजे. खोक्यात यंत्राशिवाय काहीही घालायचं नाही, असं त्यांनी ठळक लिहिलंय."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काहीच नाही? आपण उसनं आणलेलं भांडं कधी रिकामं परत देतो का?"

"आई, हे भांडं नाही."

"इतके दिवस त्याच्यातून हे बोलून राहिले. आणि कोरडंच परत द्याचं? कसं दिसन?"

"त्यांना काही दिसत नाही, आई. ती कंपनी आहे."

आई गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी इतक्या वर्षांनंतरही समजत होते. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं आणि कोणतंही बटण दाबलं नाही.

शेवटच्या दिवशी मी आवाज पुन्हा एकदा चकत्यांवर उतरवून घेतले, तपासले, आणि यंत्र पुसून कोरं करायच्या आधी बाबांना विचारलं, काही म्हणायचंय का. त्यांनी थोडा विचार केला आणि 'अच्छा, चलो' दाबलं. ते आम्हांला होतं की यंत्राला, कळलं नाही. मग मी सगळं पुसलं. आईने पेटी मऊ फडक्याने लखलखीत केली, खोक्यात बसवली, आणि मला चिकटपट्टी आणायला बाहेर पाठवलं. मी आले तेव्हा तिने खोकं बंद करून ठेवलं होतं. मी चिकटपट्ट्या मारल्या. कुरिअरवाले भैया आले, "भारी है," म्हणाले आणि घेऊन गेले. पत्ता बंगलोरचा होता.

संध्याकाळी मी पोहे घ्यायला फळीवरचा स्टीलचा डबा शोधू लागले. बाबांच्या निरोपसमारंभात खात्यातल्या लोकांनी दिलेला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला. तो जागेवर नव्हता. पोहे एका पिशवीत बांधून ठेवले होते.

"आई, डबा कुठंय?"

"तिळाचे लाडू भरले होते त्याच्यात."

"आणि डबा कुठंय?"

आई कणीक मळत राहिली. मग माझ्या ध्यानात आलं. ज्या खोक्यात काही घालू नये, त्यात आमचा डबा, लाडवांसकट, आणि वर नावही आमचंच! मी वाटेल ते बोलले. म्हटलं, बाबांचा आवाज तू लाडवांत घालवलास. आई कणकेवर हात तसाच ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी चांगल्यासाठीच केलं," ती म्हणाली. आत खोलीत बघितलं तर बाबा हसत होते. आवाज नसला तरी त्यांचे खांदे गदगदा हलत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, "माझं नाव बंगलोरला गेलं. मी अजून गेलो नाही." तेव्हा आम्हांला तिघांनाही हसू फुटलं.

पण नंतरचे दिवस सोपे नव्हते. घर फार शांत झालं. बाबा काही हवं असलं की टेबलावर पाना वाजवत, आणि पान्याला सकाळ-संध्याकाळ नव्हती, राग-लोभ नव्हता. गल्लीतून कोणी विचारायला आलं की आई सांगे, अमानत परत गेली. समोरच्या दीदी म्हणाल्या, "अच्छा हुआ, बोझ उतरा." कंपनीला मी मेल पाठवला, उत्तर नाही. दुसरा पाठवला. आई रोज सकाळी मला विचारायची, काही आलं का, आणि मी नाही म्हटलं की शेगडी पुसायला लागायची, पुसलेली असली तरी. एकदा दुपारी चहाच्या वेळेला ती स्वयंपाकघरात नुसतीच उभी दिसली. काय करून राहिली, विचारलं तर म्हणाली, "काही नाही. वाटलं, हाक मारली."

मग एक ओळीचा मेल आला. यंत्र चांगल्या अवस्थेत मिळालं, बदलीचा संगणक पाठवला आहे. डब्याचं त्यात नावही नव्हतं. त्याच आठवड्यात कुरिअरवाले भैया हजर. एक मोठं खोकं आणि त्याच्यासोबत खाकी कागदात बांधलेलं लहान पुडकं. आईने आधी पुडकं फोडलं. आत आमचा डबा होता, घासून लख्ख केलेला. झाकण उघडलं आणि घरभर वास सुटला. डबा काठोकाठ कॉफीच्या पुडीने भरलेला होता.

आईचा चेहरा मी विसरणार नाही. ती खुर्चीवर बसलीच. "पाहा," ती म्हणाली, "त्यायच्याकडे पण कोणाची तरी आई असन." आणि क्षणभराने, "डबा दिला म्हणून नवं आलं."

"आई, सगळ्यांनाच देऊन राहिले नवं."

"सगळ्यांनीच काहीतरी दिलं असन."

नवा संगणक म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच अंगात, पांढराशुभ्र. मी तो बाबांच्या खोलीत लावला, बोलकी पाटी चढवली, चकत्यांवरचे आवाज आत घेतले, बटणपट्टी जोडली. मागचं खर्रर्र कानात होतं. बाबा शर्टाची बटणं नीट करून खुर्चीत बसले. तेवढ्यात आई ट्रेमध्ये तीन कप घेऊन आली. बंगलोरहून आलेली कॉफी तिने वाटेल तशी उकळून, भरपूर साखर घालून केली होती. पहिला कप तिने बाबांच्या समोर धरला.

बाबांनी कपात डोकावून बघितलं. वास घेतला. मग कप बाजूला सारला आणि बटणपट्टीवर हात नेला. मला वाटलं, 'जय भीम' दाबतील. ते नेहमी सकाळचा मऊ चहा वापरत, फार तर पाहुण्यांचा. अंगणातल्या चहाचं बटण शेवटच्या ओळीत होतं आणि ते त्यांनी आजवर कधी दाबलं नव्हतं.

"चहा!"

खिडकीची काच थरथरली. समोरच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आणि लगेच त्याच्या मागून, दूरच्या स्वयंपाकघरातून यावी तशी आईची हाक आली, "काय म्हणून राहिले?"

आई हातात ट्रे घेऊन आमच्यासमोर उभी होती. तिने यंत्राकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मग अगदी पूर्वीच्याच तिरसट सुरात तिने विचारलं, "काय म्हणून राहिले?"

बाबांनी पुन्हा बटण दाबलं.